ईयोबाचे मित्र आणि पुढची तारीख

दुःखात असलेल्या माणसाच्या घरी जाऊन काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. पंगतीत कसे बसावे, वडीलधाऱ्यांशी कसे वागावे, हे सारे घरात शिकवले जाते. पण समाचाराला गेल्यावर तोंड कधी उघडावे आणि कधी मिटावे, याचे धडे कोणत्याच शाळेत मिळत नाहीत. मग आपण लहानपणापासून ऐकलेली वाक्ये पुढे करतो. देवापुढे कोणाचे काही चालत नाही, जन्माला आला तो जाणारच, त्याचे भोग संपले... २००४ सालच्या पावसाळ्यात असेच एक वाक्य मी एका आईसमोर उच्चारले होते. त्याची लाज मला आजही वाटते.

आमच्या शेजारी एक मावशी राहत. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातले, आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. घरात तुळस होती, भिंतीवर क्रूस होता आणि नाताळात आमच्याकडे येणाऱ्या ताटात करंज्या असत. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा सव्वीस वर्षांचा, एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला होता. एका रात्रपाळीत यंत्रापाशी अपघात झाला आणि सकाळी त्याचे शरीरच घरी आले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. खोलीत बायका बसलेल्या, कोणी काही बोलत नव्हते. ती शांतता मलाच सोसवेना. म्हणून मी म्हणालो, ‘‘मावशी, चांगली माणसं देवाला लवकर आवडतात.’’

मावशींनी मान वर केली. आवाज न चढवता म्हणाल्या, ‘‘अरे, देवाला आवडला, आणि मला काय नावडता होता?’’

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढे महिनाभराने त्यांनीच मला बोलावले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बारीक अक्षर दिसत नव्हते. ‘‘तुझं वाचन स्पष्ट आहे. संध्याकाळी अर्धा तास येत जा आणि मला वाचून दाखव,’’ असे म्हणून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे जाडजूड बायबल माझ्या हातात ठेवले. मी ख्रिस्ती नाही. बायबल म्हटले की मला नाताळची गाणी आणि डोंगरावरचे प्रवचन एवढेच ठाऊक होते. त्या संध्याकाळी मावशींनी सांगितले, ‘‘ईयोबापासून सुरू कर.’’ ते वर्षभराचे वाचन म्हणजे मला मिळालेले एक शिक्षणच होते. दुःख, न्याय आणि आशा हे तीन शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते मला तिथे कळले.

मराठीत हे पुस्तक काल-परवा आलेले नाही. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ सालीच नवा करार मराठीत निघाला होता. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल साध्या, बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत आणण्याचा ध्यास घेतला. कोवळ्या वयात उपासमारीच्या दिवसांत आई-वडील आणि थोरली बहीण गमावलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या बाईने १८९६-९७च्या दुष्काळात अनाथ मुलींना केडगावला आणून आसरा दिला आणि त्याच केडगावात भाषांतराचे काम चालवले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाईंनी हातातले काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि त्यांचे बायबल छापून पूर्ण झाले ते त्यांच्या पश्चात. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून हीच वाट पुढे नेली. दुःखाविषयीचे पुस्तक ज्यांनी मराठीत आणले, त्यांना दुःख ऐकून माहीत नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ईयोबाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते, पण ती बहुधा अर्धीच ऐकलेली असते. ऊस नावाच्या देशात राहणारा हा सज्जन, श्रीमंत माणूस. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट. एका दिवसात सारे जाते. मुले घराखाली चिरडून मरतात, अंगावर फोड उठतात आणि हा माणूस राखेत बसून खापराने अंग खाजवू लागतो. एवढे होऊनही त्याने देवाला बोल लावला नाही, म्हणून तो सहनशीलतेचा आदर्श, असे आपल्याला सांगितले जाते. पण ही झाली पहिल्या दोन अध्यायांची हकीकत. पुस्तकात अध्याय आहेत बेचाळीस! तिसऱ्या अध्यायात ईयोब तोंड उघडतो, तो आपल्या जन्मदिवसालाच शिव्याशाप देण्यासाठी. तिथून पुढे तो देवाला जाब विचारतो, त्याच्यावर फिर्याद मांडतो, समोर येऊन माझा गुन्हा सांग म्हणतो.

आणि त्याचे ते तीन मित्र! अलीफज, बिल्दद आणि सोफर. दुरून त्याला ओळखूही न शकल्यामुळे ते हंबरडा फोडतात, अंगावरची वस्त्रे फाडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. मावशींनी मला इथे थांबवले. म्हणाल्या, ‘‘इथपर्यंत शहाणे होते बिचारे.’’

आठव्या दिवसापासून त्यांचे शहाणपण सुरू होते. देव न्यायी आहे. न्यायी देव निरपराध माणसाला शिक्षा करीत नाही. तुला शिक्षा झाली, त्या अर्थी तू काहीतरी केले असले पाहिजे. तूच नाही तर तुझ्या मुलांनी. किती नेटके तर्कशास्त्र! यात चूक काढायला जागाच नाही, एवढेच की समोर बसलेला माणूस खरोखर निरपराध आहे. मित्रांना आपले तर्कशास्त्र मोडायचे नसते, म्हणून ते माणसाला मोडतात. वाचताना मी ओशाळलो. पूर्वजन्मीचे पाप, ग्रहांची दशा, घराची दिशा, नाहीतर ‘त्यानेच काळजी घ्यायला हवी होती’. आपल्याकडची वाक्ये वेगळी असतील, पण जात तीच. दुसऱ्याच्या दुःखाला कारण सापडले की आपण सुटतो. त्याने काही केले होते म्हणून त्याला झाले. मी तसे काही केलेले नाही, तेव्हा मला होणार नाही. समाचाराला गेलेला माणूस पुष्कळदा स्वतःचेच सांत्वन करून परत येतो.

शेवटी देव बोलतो, तेही वावटळीतून. पण ईयोबाच्या एकाही प्रश्नाला तो उत्तर देत नाही. उलट तोच प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? जिथे माणूस राहत नाही त्या रानात पाऊस कोण पाडतो? डोंगरातल्या रानशेळ्या कधी वितात, तुला ठाऊक आहे? पहिल्यांदा वाचताना मला हे उत्तर टाळल्यासारखे वाटले. मी तसे मावशींना बोलूनही दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘उत्तर नाही दिलं, खरंय. पण आला तरी! कारखान्यातून तर कोणी आलंसुद्धा नाही.’’

आणि मग या पुस्तकातला सर्वांत धक्कादायक निकाल येतो. देव रागावतो तो भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाचीच बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे तो त्यांना सुनावतो. देवाची वकिली करणाऱ्यांना देवच दोषी ठरवतो! धर्माच्या नावाने दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो धर्म कोणताही असो, हा शेवटचा अध्याय एकदा तरी वाचायला हवा.

देवाशी भांडण्याची ही मुभा मराठी मनाला परकी नाही. दुष्काळात घरातली माणसे गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण आपण वारीत टाळ वाजवून गातो. जनाबाईने विठोबाला सुनावलेले खडे बोल आपल्याला गोड लागतात. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतही दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाण्यांची आहेत. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी त्याला शेवटी एखादी आशेची ओळ जोडली नाही, किंवा ते गाळूनही टाकले नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात निराशेलाही जागा ठेवली. बावीसाव्या स्तोत्राच्या आरंभी देवाने आपल्याला टाकून दिल्याची तक्रार आहे. क्रूसावर प्राण जाताना येशूच्या तोंडी तीच आली, असे मार्क आणि मत्तय सांगतात.

‘विलापगीत’ नावाचे पाच अध्यायांचे एक लहानसे पुस्तक त्यात आहे. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, माणसे बंदिवान करून नेली. वेढ्यात उपासमार इतकी झाली होती की त्याचे वर्णन मोठ्याने वाचताना माझा आवाज अडखळला. या शोकगीतांची रचना मात्र विलक्षण आहे. पहिल्या चार अध्यायांतली कडवी हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने सुरू होतात. बावीस अक्षरे, म्हणून बावीस कडवी. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन. जणू आपण अ पासून ज्ञ पर्यंत रडावे, एकही अक्षर कोरडे राहू नये. ज्याचे सगळे विस्कटले आहे त्याने निदान अक्षरांचा क्रम तरी धरून ठेवला! आणि आशेचे शब्द येतात ते नेमके मधल्या, तिसऱ्या अध्यायात. शेवटी नव्हे. त्यानंतर पुन्हा दोन अध्याय विलाप आहे, आणि पुस्तक संपते ते देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर. आशा ही दुःखाच्या शेवटी मिळणारी बक्षिसी नाही, ती दुःखाच्या मधोमध कुठेतरी भेटते आणि तिच्यानंतरही रडणे उरतेच, हे या रचनेइतके प्रामाणिकपणे मला कोणी सांगितले नव्हते.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण निम्मेच पुस्तक वाचले असे होईल. कारण सगळे दुःख काही वावटळीतून येत नाही. पुष्कळसे दुःख माणसांच्या हिशेबातून येते. मावशींचा मुलगा गेला तो देवाच्या मर्जीने की यंत्राला जाळी बसवण्याचा खर्च कोणीतरी वाचवला म्हणून? नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला तेव्हा कंत्राटदार म्हणाला, जबाबदारी कारखान्याची. कारखाना म्हणाला, हा मुलगा आमच्या हजेरीपटावर नव्हताच. सव्वीस वर्षांचा जिवंत मुलगा दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत नाहीसा झाला. अशा वेळी ‘देवाची इच्छा’ हा शब्द सर्वांत सोयीचा कोणाला असतो, याचा विचार करावा.

बायबलातले संदेष्टे इथे उभे राहतात. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा साधा माणूस. राज्यात सुबत्ता होती, हस्तिदंती पलंग होते, बेथेलच्या देवस्थानात उत्सव रंगत होते. तिथे जाऊन त्याने विचारले, सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी मोकळे होतो याची वाट पाहणारे तुम्ही, तुमचे माप लहान, तुमचा तराजू खोटा, गव्हातले भुसकट तुम्ही विकता आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकत घेता. तुमची गाणी देवाला कशाला हवीत? देवाला हवा आहे तो न्याय, आणि तो पावसाळी ओढ्यासारखा चार दिवसांचा नको, बारमाही वाहणारा हवा. तिथल्या पुजाऱ्याने त्याला आपल्या देशात जाऊन पोट भरायला सांगितले. मुख्य तक्रार काय, तर हे राजाचे देवस्थान आहे! असली तक्रार आजही जुनी झालेली नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात तर हा न्याय अगदी रोजच्या व्यवहारात उतरतो. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी सोडावीत. याच नियमाच्या आधारे मवाबातून आलेली तरुण विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचून स्वतःचे आणि सासूचे पोट भरते. तो सरवा तिचा हक्क होता, भीक नव्हती. आणि ईयोब? आपली बाजू मांडताना तो आपल्या पूजापाठांची यादी देत नाही. माझ्या नोकराने माझ्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा मी ती धुडकावली असेन तर देवाला काय तोंड दाखवू, असे तो म्हणतो. ज्याने मला आईच्या पोटात घडवले त्यानेच त्यालाही घडवले ना! हा अध्याय एकतिसावा. तो वाचून झाल्यावर मावशींनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘‘हे पान काढून त्या कंत्राटदाराला पाठवावं.’’

पाने काढण्याचा उद्योग मात्र इतिहासात दुसऱ्याच बाजूने झाला आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापले गेले. त्यात ईजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएल लोक सुटल्याची हकीकत गाळलेली होती. धन्यांची आज्ञा पाळा असे सांगणारा उपदेश तेवढा ठेवला होता. गाळणाऱ्यांना बरोबर ठाऊक होते की कोणते पान धोक्याचे आहे! पण गाळून काय होते? अमेरिकेतल्या गुलामांनी ती सुटकेची कथा गाण्यांतून जपली आणि १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला जमलेल्या विराट समुदायापुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यायाची मागणी केली ती आमोसाच्याच प्रतिमेने. जो ग्रंथ बेडी म्हणून वापरला गेला, त्याच ग्रंथात किल्लीही होती. बेडी करणारे हात आणि किल्ली शोधणारे हात मात्र निराळे होते.

राहिली आशा. हा शब्द सर्वांत अधिक झिजलेला. संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक साखळी सांगितली आहे. संकटातून धीर येतो, धीरातून माणूस कसाला उतरतो आणि त्यातून आशा निर्माण होते. हे वचन मी चुकीच्या ठिकाणी वापरलेले ऐकले आहे. ‘दुःखाने माणूस घडतो हो,’ असे ज्याच्यावर वेळ आलेली नाही तो ज्याच्यावर आली आहे त्याला सांगतो. पौल तसे सांगत नाही. त्याने फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिला होता आणि तो ‘आम्ही’ म्हणतो. स्वतःच्या जखमेविषयी जे सत्य असते, तेच दुसऱ्याच्या जखमेविषयी बोलताना क्रौर्य होऊ शकते. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की जे डोळ्यांना दिसते त्याची आशा धरावी लागत नाही, आणि साऱ्या सृष्टीच्या कण्हण्याला तो बाळंतवेणांची उपमा देतो. मरणाच्या कळा आणि प्रसूतीच्या कळा बाहेरून सारख्याच ऐकू येतात. फरक एवढाच की एकीनंतर कोणीतरी येणार असते.

मावशींना मात्र पौलापेक्षा लूकच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट अधिक प्यारी होती. एका नगरात एक न्यायाधीश होता, देवाला न भिणारा आणि माणसाची पर्वा न करणारा. एक विधवा त्याच्याकडे सारखी खेटे घालून न्याय मागत राहते. तो दाद देत नाही. शेवटी कंटाळतो आणि ही बाई आपल्याला बेजार करील म्हणून तिचा निवाडा करून टाकतो. येशूने ही गोष्ट सांगितली ती सतत प्रार्थना करावी, खचू नये, हे पटवण्यासाठी. ती ऐकताना मावशी त्या वर्षात प्रथमच हसल्या. ‘‘हिला वकील नव्हता वाटतं. नाहीतर इतक्या लवकर निकाल नसता लागला!’’

नऊ वर्षे त्या तारखांना गेल्या. डब्यात पोळीभाजी, पिशवीत कागद आणि मुलाचा फोटो. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर, कधी नुसतीच पुढची तारीख. दोन-चार वेळा मीही बरोबर गेलो. बाकावर बसलेल्या बायकांकडे पाहताना मला त्या विधवेची गोष्ट कळू लागली. तिची प्रार्थना म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हते. पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहणे हीच तिची प्रार्थना. आशा म्हणजे सगळे चांगले होईल हा भरवसा नव्हे. आपले म्हणणे खरे आहे आणि ते ऐकले गेलेच पाहिजे, या जाणिवेने पुढच्या तारखेला हजर राहणे म्हणजे आशा.

२०१३ मध्ये निकाल लागला, मावशींच्या बाजूने. व्याजासह रक्कम मिळाली. मी पेढे घेऊन गेलो आणि पुन्हा चुकलो. म्हणालो, ‘‘मावशी, शेवटी न्याय मिळाला. ईयोबासारखं तुमचंही झालं.’’ ईयोबाला शेवटी सारे दुप्पट परत मिळते, एवढेच माझ्या डोक्यात होते.

त्यांनी पेढा घेतला, माझ्या हातावर अर्धा ठेवला. म्हणाल्या, ‘‘नीट वाच. मेंढरं दुप्पट मिळाली, उंट दुप्पट मिळाले. लेकरं नाही दुप्पट झाली. सात मुलगे, तीन मुली, पहिल्याइतकीच. गेलेल्यांच्या जागी दुसरी येतात, ती मोजायची नसतात. तेवढी समज लिहिणाऱ्याला होती.’’

मी घरी येऊन पाहिले. तसेच होते. इतक्यांदा मोठ्याने वाचूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते.

आता मावशी नाहीत. त्यांचे बायबल त्यांच्या पुतणीकडे आहे, आणि समाचाराला जाण्याचे प्रसंग वयाबरोबर वाढतच चालले आहेत. अजूनही पायरी चढताना जिभेवर एखादे तयार वाक्य येते. ते गिळून मी जमिनीवर बसतो आणि गप्प राहतो. आणि ज्या घरी माणसाच्या चुकीने माणूस गेलेला असतो, तिथून उठताना हळूच एवढेच विचारतो, ‘‘कागदपत्रं झाली का? तारीख कधीची आहे? मी बरोबर येईन.’’